लाजवंती रात्री कशी शोधावी: सोलापूरच्या बांधावरचा सराव ते तुमकुरूची झुडपं

लाजवंती, म्हणजे सडपातळ लोरिस, हा नरवानर गणातला रात्री जागणारा छोटा प्राणी. वजन साधारण दोनशे ते तीनशे ग्रॅम, बाहेर दिसेल अशी शेपूट नाही, हातपाय अगदी काटकुळे आणि चेहऱ्यावर समोर रोखलेले दोन मोठे डोळे. भारतात रात्री जागणारे नरवानर लोरिस कुळातलेच: दक्षिणेत लाजवंती आणि ईशान्येत बंगाल स्लो लोरिस.

सोलापूर जिल्हा लाजवंतीच्या नैसर्गिक क्षेत्रात येत नाही, ही गोष्ट आधी नीट समजून घ्या. लाजवंती उडी मारत नाही. एक फांदी सोडण्याआधी तिला दुसरी पकडावी लागते, म्हणून एकमेकांत गुंतलेल्या फांद्या ही तिची पहिली गरज. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान माळढोक, काळवीट आणि लांडग्यांचं. तिथे असा सलग फांद्यांचा रस्ता नाही. लाजवंतीची म्हैसूरकडची उपजात कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूच्या कोरड्या काटेरी रानांत, बाभळी-खैराच्या झुडपांत, चिंचेच्या झाडांत आणि शेताच्या दाट कुंपणांत राहते. सोलापूरकराला त्यातल्या त्यात सोयीचा भाग म्हणजे तुमकुरू जिल्हा: देवरायनदुर्ग आणि नागवल्लीचा परिसर. सोलापूरहून विजयपूर, गदग, हुबळीमार्गे जाणारी गोलघुमट एक्स्प्रेस तुमकुरूवरून जाते. वेळापत्रक निघण्याआधी तपासा. आणखी दक्षिणेला, तमिळनाडूत दिंडिगुल आणि करूर जिल्ह्यांत २०२२ मध्ये ११,८०६ हेक्टरचं कडवूर लाजवंती अभयारण्य जाहीर झालं. खास लाजवंतीसाठी राखलेलं ते देशातलं पहिलं अभयारण्य.

शोधण्याची पद्धत सरळ तिच्या इंद्रियांवरून ठरते. ती इंद्रियं समजून न घेता बॅटरी घेऊन फिरणारा माणूस तिच्या झाडाखालून तीनदा जाईल आणि त्याला काही दिसणार नाही.

तिचे डोळे, नाक आणि कान

लाजवंतीच्या दृष्टिपटलामागे टॅपेटम नावाचा परावर्तक थर असतो. डोळ्यात शिरलेला प्रकाश पेशींमधून एकदा जातो, या थरावर आपटून परत फिरतो आणि पेशींना तो टिपायची दुसरी संधी मिळते. त्यातून उरलेला प्रकाश जवळपास आला त्याच दिशेने बाहेर पडतो. त्यामुळे बॅटरी तुमच्या कमरेजवळ असेल तर डोळ्यांची चमकही कमरेकडेच परतते आणि तुम्हाला अंधारच दिसतो. बॅटरी कपाळावर हवी किंवा हातातली बॅटरी कानशिलाला टेकवून धरायला हवी. नवख्या माणसाला प्राणी न दिसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं.

लोरिस आणि आफ्रिकेतल्या गॅलॅगो, म्हणजे बुशबेबी, या प्राण्यांत निळ्या प्रकाशासाठीच्या शंकुपेशी, म्हणजे डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी, कामाच्या राहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांना आपल्यासारखे रंग दिसत नाहीत. अंधारात त्यांचा सगळा भार दंडपेशींवर, म्हणजे मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशींवर असतो आणि दंडपेशी लाल प्रकाशाला फार कमी प्रतिसाद देतात. म्हणून निरीक्षण लाल प्रकाशात करायचं. लाल प्रकाश तिला अजिबात दिसत नाही असं समजू नका. तो तिला कमी त्रास देतो, एवढंच.

नाक ओलसर असतं आणि वासावर तिची बरीच कामं चालतात. ती हातापायांना लघवी चोळते आणि चालता चालता फांद्यांवर वासाच्या खुणा सोडते. त्या परिसरात कोण आहे, कोण येऊन गेलं, हे इतर लाजवंतींना त्यावरून कळतं. म्हणून फांद्या तोडून वाट करू नका. तोडलेल्या फांदीबरोबर तिचा रस्ताही जातो आणि त्यावरची खूणही.

कान पातळ आणि हलते असतात; पाचोळ्यात चालणारा किडा ती आवाजावरून हेरते. तिचा स्वतःचा आवाज म्हणजे मोठी, तीक्ष्ण शीळ. ती बरीच लांब जाते आणि विशेषतः संध्याकाळी व पहाटे ऐकू येते. शीळ ऐकायला शिकलात तर निम्मं काम बॅटरी न लावता होतं.

इथे एक सावधगिरी. टार्शिअर, माउस लेमूर, गॅलॅगो या रात्री जागणाऱ्या दुसऱ्या नरवानरांबद्दल वाचलेलं लाजवंतीला जसंच्या तसं लावू नका. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाकडच्या टार्शिअरच्या डोळ्यात टॅपेटम नसतो, म्हणून एकेक डोळा जवळजवळ मेंदूएवढा वाढलेला असतो. तो उड्या मारतो आणि केवळ प्राणिज अन्न खातो. मादागास्करमधल्या माउस लेमूरमध्ये सुमारे ३० ग्रॅमचे जीव आहेत आणि अन्न कमी असताना ते शरीराचं तापमान उतरवून पडून राहतात. गॅलॅगो दोन मीटरपेक्षा उंच उडी घेतो. लाजवंती अशा उड्या मारत नाही. चमकणारी जोडी झाडावरून झपकन उडाली तर ती लाजवंती नाही.

सोलापुरात सराव

तुमकुरूला जाण्याआधी डोळा तयार करा. त्यासाठी ट्रक आणि बैलगाडीला लावतात ती रेडियम पट्टी उत्तम, कारण तीही प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवते. कार्यालयीन पंचिंग मशीनने तिच्या गोल टिकल्या पाडा. पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यावर दोन टिकल्या साधारण पाऊण इंच अंतराने चिकटवा. अशा दहा जोड्या करा आणि ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर, शंभर मीटर लांबीच्या बाभूळ-बोरीच्या कुंपणात, एक ते पाच मीटर उंचीवर सोबत्याला लावायला सांगा. काही जोड्या पानांआड अर्ध्या झाकलेल्या असाव्यात. मग अंधार पडल्यावर एका बाजूने सावकाश चालत मोजा. पहिल्या फेरीत चार-पाच सापडणं नेहमीचंच. दहापैकी आठ सापडू लागल्या की डोळा तयार झाला म्हणायला हरकत नाही. जोड्या मोजून परत काढा. रेडियमचे तुकडे रानात पडू देऊ नका.

दुसरा सराव खऱ्या डोळ्यांचा. सोलापूरच्या रानात रात्री कितीतरी डोळे चमकतात आणि ते ओळखता आले नाहीत तर तुमकुरूत गोंधळ ठरलेला. जमिनीवर हिऱ्याच्या कणासारखी बारीक, एकच पांढरी-हिरवट ठिणगी दिसली तर बहुधा तो लांडगा-कोळी. जवळ जाऊन पाहा. रस्त्यावर किंवा बांधावर मोठा तांबडा ठिपका दिसला आणि तो अचानक उडाला तर रातवा पक्षी. झुडपात एकच बारीक लालसर ठिपका थरथरत असेल तर पतंग. खोकड आणि रानमांजर यांची चमक पिवळट-हिरवी, जमिनीलगत आणि भरभर सरकणारी. सगळ्यात फसवं कांडेचोर, म्हणजे उदमांजर: तेही झाडावर चढतं आणि त्याचे डोळेही तांबूस चमकतात. मात्र त्याच्या दोन डोळ्यांतलं अंतर जास्त असतं, शरीर लांबट असतं आणि मागे लांब शेपूट लोंबते.

रंगावर फार विसंबू नका. कोन बदलला की चमकीचा रंगही बदलतो. उंची, दोन डोळ्यांतलं अंतर आणि हालचाल या तीन गोष्टी आधी पाहा, रंग शेवटी.

सरावासाठी नान्नज अभयारण्यात रात्री शिरू नका. परवानगीशिवाय तो गुन्हा आहे. करमाळ्याच्या बाजूला उसात बिबट्या असतो, तिथे रात्रीचं चालणं नकोच. कुठेही गेलात तरी शेतमालक आणि पोलीसपाटील यांना आधी सांगून ठेवा. रात्री बॅटरी फिरवत चालणारी माणसं गावाला चोर किंवा शिकारी वाटतात आणि त्यात गावाची चूक नसते.

सामान

कपाळावरची बॅटरी १०० ते २०० ल्युमेनची पुरते. लाल दिव्याची सोय असलेली घ्या. नसेल तर पांढऱ्या दिव्यावर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर रबराने घट्ट बसवा आणि कडेने पांढरा प्रकाश झिरपत नाही ना, ते भिंतीवर पाडून तपासा. फार प्रखर बॅटरी घेऊ नका. समोरची पानंच इतकी उजळतात की मागचे डोळे बुडून जातात. दुर्बीण ८×४२ किंवा ७×५०. १०× मोठी वाटते, पण हात थरथरतो आणि अंधारात चित्र काळवंडतं.

घोट्यावर येणारे जाड बूट आणि पूर्ण पँट याला पर्याय नाही. घोणस आणि फुरसं सोलापूरच्या बांधावरही असतात आणि दक्षिणेतल्या झुडपी रानातही. दोन पावलं पुढची जमीन बघून मगच नजर वर न्यायची. डास घालवणारं मलम लावायचं तर चालायच्या बऱ्याच आधी लावा; अत्तर नको. वही, शिसपेन्सिल, जादा सेल, पाणी आणि फोनमध्ये इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा. नोंदी पेन्सिलीनेच करा. दवाने ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही.

परवानगी आणि जागेची निवड

राखीव जंगलात रात्री जायचं तर त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांची लेखी परवानगी आणि सोबत वनरक्षक हवा. अर्जात उद्देश, तारखा, माणसांची संख्या आणि चालण्याची वाट लिहा. जंगलाबाहेरच्या शेतकुंपणांतही लाजवंती असते. तिथे मालकाची परवानगी पुरते, तरी वनखात्याला कळवणं शहाणपणाचं.

गावात गेल्यावर लोरिस म्हणून विचारलंत तर कोणी ओळखणार नाही. कन्नडमध्ये तिला काडुपापा म्हणतात, तेलुगूत देवांग पिल्ली आणि तमिळमध्ये देवांगु. सोलापुरात कन्नड आणि तेलुगू बोलणारे घरोघरी आहेत. त्यांच्याकडून चार वाक्यं शिकून जा. विचारताना लगेच फोटो दाखवू नका. आधी ती कशी दिसते, कुठल्या झाडावर असते, कधी दिसली, हे समोरच्याला सांगू द्या. फोटो पाहून माणूस सौजन्याने हो म्हणतो आणि ती माहिती कामाची राहत नाही.

दिवसा वाट चालून बघा. उत्तम वाट म्हणजे एक ते दोन किलोमीटरची, दोन्ही बाजूंना गुंतलेली झुडपं असलेली पायवाट किंवा बैलगाडीचा रस्ता. मधल्या विहिरी, खड्डे, तारांची कुंपणं नकाशावर टिपून ठेवा. फेब्रुवारी ते मे या काळात पानगळीमुळे आत नजर पोचते. पावसाळ्यात किडे भरपूर असतात, पण पानांमुळे डोळे दिसत नाहीत.

चालण्याची रीत

१. सूर्यास्ताआधी वाटेच्या सुरुवातीला पोचा. बॅटरी बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं नुसतं ऐका. शीळ आली तर वेळ आणि अंदाजे दिशा लिहा.

२. सूर्यास्तानंतर सुमारे अर्ध्या तासाने चालायला लागा. वेग तासाला एक किलोमीटर. हे फार संथ आहे आणि तसंच असायला हवं. वेग दुप्पट झाला की पाठ करून बसलेल्या सगळ्या लाजवंती निसटतात.

३. दोघांनी चालावं. पुढच्याने डावी बाजू बघावी, मागच्याने उजवी. नजर जमिनीपासून शेंड्यापर्यंत आणि परत खाली अशी फिरवा. दर दहा-पंधरा पावलांवर थांबा आणि मागे वळूनही बघा. पुढून पानाआड असलेले डोळे मागून उघडे पडतात.

४. चमक दिसली की बोट दाखवू नका, बोलू नका. जागीच थांबा, दिवा मंद करा, दुर्बीण लावा. नारिंगी-तांबूस, गोल, जवळजवळ असलेली, फांद्यांतून एकसंध लयीत सरकणारी जोडी दिसली तर शक्यता चांगली. शेपूट नसलेला, लांब हातपायांचा आकार दिसल्यावरच नोंद पक्की. नुसती चमक असेल तर ‘अनिश्चित’ लिहा.

५. नोंदीत वेळ, जागा, झाड, जमिनीपासूनची उंची, वाटेपासूनचं काटकोनातलं अंतर, किती जणी, काय करत होत्या, ढग, वारा आणि चंद्र एवढं हवंच. चंद्राची नोंद टाळू नका. स्लो लोरिसच्या काही जाती चांदण्यात कमी हिंडतात, तर काही टार्शिअर उलट जास्त. जातीगणिक फरक असतो.

६. परत येताना दिसलेल्या मोजू नका. मोजणी एकाच दिशेची. समजा दीड किलोमीटरमध्ये तीन पक्क्या नोंदी झाल्या, तर दर किलोमीटरला दोन. हाच आकडा पुढच्या महिन्याशी किंवा शेजारच्या रानाशी ताडून पाहता येतो. मात्र वाट, वेग आणि सुरुवातीची वेळ तीच हवी. एका रात्रीच्या शून्यावरून ‘इथे लाजवंती नाही’ असं कधीच लिहू नका. तीच वाट वेगवेगळ्या रात्री निदान तीनदा चाला.

सापडल्यावर काय बघावं

घाईने फोटो काढण्यापेक्षा तिची शिकार बघा. ती किडा दिसला की थबकते, मागच्या पायांनी फांदी घट्ट धरते, शरीर पुढे झोकते आणि एका किंवा दोन्ही हातांनी झडप घालते. तमिळनाडूतल्या अभ्यासात तिच्या आहाराचा जवळजवळ सगळा भाग प्राणिज आढळला, त्यात मुंग्या आणि वाळवी मोठ्या प्रमाणावर. उग्र वासाचे, इतर प्राणी टाळतात असे किडेही ती खाते. शेताच्या बांधावरची ही मोफत राखण आहे आणि शेतकऱ्याशी बोलताना हा मुद्दा जरूर काढा.

तिच्या मुठीकडे लक्ष द्या. अंगठा बाकीच्या बोटांच्या अगदी समोर येतो, तर्जनी आखूड झालेली असते. हातापायांतल्या रक्तवाहिन्यांची खास जाळीदार रचना पकड तासन् तास टिकवायला मदत करते असं मानतात. पायाच्या दुसऱ्या बोटाला अंग विंचरायची नखी असते आणि खालचे पुढचे दात फणीसारखे पुढे आलेले असतात. जाग आल्यावर आणि झोपण्याआधी ही साफसफाई बराच वेळ चालते.

शिकार करताना ती बहुधा एकटी, पण संबंध तुटलेले नसतात. दिवसा काही जणी एकमेकींना बिलगून दाट फांद्यांच्या बेचक्यात झोपतात. गर्भकाळ साडेपाच महिन्यांच्या आसपास, आणि जुळी होणं सर्रास. पिल्लू साधारण महिन्याचं झालं की आई त्याला रात्री फांदीवर ठेवून खायला जाते आणि नंतर परत येते. म्हणून फांदीला चिकटून एकटं बसलेलं पिल्लू अनाथ नसतं. त्याला उचलणं म्हणजे त्याला आईपासून तोडणं. असं पिल्लू दिसलं तर दिवा बंद करून वाट सोडा.

निरीक्षण एका लाजवंतीमागे दहा मिनिटांत आटपा. पांढरा प्रकाश थेट तोंडावर मारला तर ती गोठल्यासारखी होते. लोकांना ती फोटोसाठी थांबली असं वाटतं. प्रत्यक्षात ती दिपलेली असते आणि त्या वेळेत घुबड किंवा रानमांजर तिला सहज टिपू शकतं. फ्लॅश नको, मोबाइलवर शीळ वाजवून बोलावणं नको, फांदी हलवणं तर नकोच. ती रस्ता ओलांडत असेल तर गाडीचा दिवा बंद करा, कुत्री हाकला आणि तिला तिच्या वेगाने जाऊ द्या.

सोलापुरात लाजवंती दिसली तर

ती इथली नाही, म्हणून इथे दिसलेली लाजवंती बहुतेक वेळा कोणीतरी पोत्यात किंवा पिशवीत घालून आणलेली असते. तिचे डोळे आणि अवयव अघोरी प्रकारांत व खोट्या औषधांत वापरायचे म्हणून तिला पकडतात. हे ऐकून संताप येतो आणि तो यायलाच हवा. पण त्या क्षणी उपयोगी पडते ती थंड डोक्याची कृती. ती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणं, विकणं किंवा बाळगणं यासाठी किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. जादूटोण्याचा भाग असेल तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू होऊ शकतो.

वनखात्याची हेल्पलाइन १९२६, पोलीस ११२. सौदा करून ‘सोडवून’ आणू नका. तुमच्या पैशातून पुढची लाजवंती पकडली जाते. गाडीचा क्रमांक, वेळ, जागा आणि माणसांचं वर्णन लिहा.

वनखात्याची माणसं येईपर्यंत जखमी प्राणी सांभाळायची वेळ आलीच, तर त्यांच्याशी फोनवर बोलूनच हात लावा. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत आडवी घट्ट बसवलेली जाड फांदी, वरून गडद कापड. जाड हातमोजे घाला, कारण चावा खोल असतो. आणि प्राणी ईशान्येकडचा स्लो लोरिस निघाला तर त्याचा चावा विषारी असतो. तिने काही पकडलेलं असेल तर ओढून सोडवू नका, सांधे निखळतात. पकडलेल्या फांदीसकट किंवा कापडासकट खोक्यात ठेवा. दूध, केळं, बिस्कीट काहीही देऊ नका. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ती तासाभरात दगावू शकते. खोकं सावलीत, हवेशीर, शांत जागी ठेवा. सिद्धेश्वर वनविहारात किंवा आसपासच्या बाभूळबनात तिला कोणी सोडू पाहत असेल तर थांबवा. तिथे तिचं अन्न, तिचा रस्ता आणि तिचे रानातले जातभाई यांपैकी काहीच नाही, आणि ती कुठल्या उपजातीची हे तपासल्याशिवाय तिला कुठल्याच रानात सोडता येत नाही.

तुमकुरूच्या नोंदी सार्वजनिक करतानाही हाच धोका लक्षात ठेवा. फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएस माहिती काढून टाका, ठिकाण तालुक्यापुरतंच लिहा आणि झोपायच्या झाडाचं वर्णन कुठेही देऊ नका. नेमक्या जागा फक्त वनखात्याला आणि अभ्यासकांना द्या.